इमॅक्समधल्या पॉप-अप विंडो: कोण कुठे बसणार ते आधी ठरव

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत सांगतो, म्हणजे दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तू फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतोयस, कॉलेजच्या लॅबमध्ये रुंद मॉनिटर, घरी वाळपईला लहान लॅपटॉप, इमॅक्स या एडिटरची सेटिंग फाईल दोन्हीकडे एकच. तरी हेल्प लॅबमध्ये उजवीकडे उघडते, घरी खाली उघडते, आणि दोन फाईली शेजारी लावून बसलास की तिसरीच तऱ्हा, हेल्प थेट दुसऱ्या फाईलच्या जागेवर येऊन बसते. कंपाईल, ग्रेप (फाईलींतला शोध), शेल (कमांड टाईप करायची जागा), वॉर्निंग सगळ्यांचं तेच. शेवटी दोन प्रश्न विचारलेस, पॉप-अप आवरायला पॉपर हे पॅकेज घालू की शॅकल, आणि सगळे पॉप-अप एकाच कीने घालवता येतात का.

येतात. पण पॅकेजचा विषय मी नंतर घेतो, कारण अडचण पॅकेज नसल्याची नाहीच. कुठला बफर (फाईल, हेल्प, आउटपुट, जे काही उघडतं ते) कुठे दिसावा, तो दिसल्यावर कर्सर तिकडे जावा की नाही, आणि काम झाल्यावर ती विंडो कशी जावी, या तीन गोष्टी तू इमॅक्सला कधी सांगितलेल्याच नाहीस. मग तो बिचारा दर वेळी त्या क्षणी स्क्रीनवर जागा किती आहे ते मोजतो आणि आपलं आपण ठरवतो. हे तिन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि बहुतेक लोक "पॉप-अप त्रास देतात" या एका वाक्यात ते कोंबतात, मग एका प्रश्नाचं औषध दुसऱ्याला लावत बसतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हेच विचारतो, त्रास नक्की कशाचा आहे बाबा, जागेचा, कर्सरचा, की मागे उरलेल्या विंडोचा?

काही गोष्टी तुझ्यावर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. तू साधा इमॅक्स वापरतोस की डूम, म्हणजे त्याची तयार सेटिंगसकट येणारी तऱ्हा, ते लिहिलेलं नाहीस. डूम असेल तर त्यात पॉप-अपचं स्वतःचं मॉड्यूल आहे आणि नियम त्याच्याच सेट-पॉपअप-रूल या फंक्शनने लिहायचे, खाली मी जे सांगतोय ते त्यावर चढवलंस तर दोघं एकमेकांचे पाय ओढतील. तू साधा इमॅक्स वापरतोस असं धरून चालतो. आवृत्ती २९ किंवा पुढची असेल तर बरं, का ते पुढे येईल. आणि कोड मी मुद्दाम चिकटवत नाहीये, नियम शब्दांत सांगतो, कारण दुसऱ्याची चिकटवलेली सेटिंग कुणी वाचत नाही आणि महिन्याभराने ती बिघडली की कुठे हात घालायचा ते कळत नाही. नावं देवनागरीत लिहितोय, पण ऑल्ट-एक्स किंवा कंट्रोल-एच व्ही दाबून टॅब मारलास की सापडतील.

आता तुझी हेल्प तीन ठिकाणी का जाते ते बघू, कारण हे एकदा समजलं की अर्धी चीड जाते. इमॅक्सला एखादा बफर दाखवायचा असला आणि कुणी काही सांगितलेलं नसलं तर तो आधी बघतो की हा बफर कुठे दिसतोय का, नसेल तर असलेली विंडो दुभंगता येते का. दुभंगायचे दोन आकडे आहेत. स्प्लिट-हाईट-थ्रेशोल्ड, मूळ किंमत ८० ओळी, आणि स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्ड, मूळ किंमत १६० अक्षरं. विंडो ८० ओळींइतकी उंच असेल तर खाली कापतो, नसेल आणि १६० अक्षरांइतकी रुंद असेल तर उजवीकडे कापतो. लॅबचा मॉनिटर रुंद, ८० ओळी मावत नाहीत पण १६० अक्षरं सहज मावतात, म्हणून उजवीकडे. घरच्या लॅपटॉपवर दोन्ही अटी बसत नाहीत, पण फ्रेममध्ये, म्हणजे इमॅक्सच्या अख्ख्या चौकटीत, एकच विंडो असेल तर उंचीची अट सोडून देऊन तो खाली कापतो, म्हणून खाली. आणि तू दोन फाईली शेजारी लावल्यास की एकटेपणाची सवलत गेली, प्रत्येक विंडोची रुंदी अर्धी झाली, कापायला जागा नाही, मग तो असलेल्याच एका विंडोत, बहुतेक वेळा तू जिच्यात कर्सर ठेवलेला नाहीस तिच्यात, हेल्प नेऊन टाकतो. तुझी फाईल गेलेली नसते, फक्त मागे जाते, पण डोळ्यांसमोरून गेली की माणूस दचकतो हे खरं.

म्हणजे तिन्ही वेळा नियम एकच होता, स्क्रीन वेगळी होती. तुला फक्त "उजवीकडे नको, नेहमी खाली" एवढंच हवं असेल तर विड्थवाल्या थ्रेशोल्डला निल (म्हणजे नाही, बंद) दे आणि इथेच वाचायचं थांबव, खरंच, कितीतरी लोकांना एवढं पुरतं. पण तुझ्या तक्रारीत शेल आणि वॉर्निंग पण आहेत म्हणजे तुला पुढचं लागणार.

पुढचं म्हणजे डिस्प्ले-बफर-एलिस्ट. २०१२ साली आलेल्या २४ व्या आवृत्तीपासून हे इमॅक्समध्येच आहे आणि तरी लोक आधी पॅकेज शोधतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण इतकी नीट विचार करून केलेली सोय दुसऱ्या एडिटरांत मी बघितलेली नाही. ही नियमांची यादी आहे. प्रत्येक नियमाचे तीन भाग, पहिला कुठल्या बफरला लागू, दुसरा तो दाखवायला कुठली फंक्शनं वापरायची आणि कुठल्या क्रमाने, तिसरा बारीक अटी, उंची किती, कुठली बाजू वगैरे. फंक्शनं एकेक करून चालवली जातात, जे पहिलं यशस्वी होईल तिथे बफर दिसतो. तू लिहिलेला हा नियम बफर उघडणाऱ्या कमांडने मागितलेल्या जागेपेक्षा वरचढ असतो, आणि दोघांपैकी कुणाचंच काही म्हणणं नसेल किंवा जमलं नाही तरच वर सांगितलेलं ८० आणि १६० चं गणित सुरू होतं. हा क्रम लक्षात ठेव, पुढे काही ऐकेनासं झालं की याच वाटेने शोधायचं असतं.

पण नियम लिहायला बसायच्या आधी दोन-चार दिवस नुसतं बघ. जो बफर नको तिथे उघडला त्याचं नाव एका कागदावर लिही आणि शेजारी लिही की तुला त्यात काय करायचं होतं. वाचून सोडायचं होतं, चालू असताना नजर ठेवायची होती, आत बसून टाईप करायचं होतं, की मुळात बघायचंच नव्हतं. माझ्या कामात सगळं या चार ढिगांत बसतं. दिवसा मी डिचोलीत बसून लोकांचं पायथन लिहितो, संध्याकाळी देवळांच्या स्मरणिका आणि जत्रेतल्या नाटकांच्या संहिता लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लावतो, आणि दोन्ही कामांना तेच नियम चालतात, कारण मी ते प्रोग्रामिंगसाठी की मराठी मजकुरासाठी असे लिहिलेले नाहीत, माणूस त्या बफरचं काय करतो त्यावरून लिहिलेत.

पहिला ढीग, वाचून सोडायचे. हेल्प, अप्रोपॉस (नावावरून शोध), एलडॉक (फंक्शनची छोटी माहिती), लाटेकमध्ये ऑकटेक या पॅकेजचं टेक हेल्प, हे सगळे. यांना मी साइड विंडो देतो. डिस्प्ले-बफर-इन-साइड-विंडो हे ते फंक्शन, त्याच्या आधी डिस्प्ले-बफर-रियूज-विंडो लिहायचं म्हणजे हेल्प आधीच उघडी असेल तर तीच वापरली जाईल. साइड विंडो म्हणजे फ्रेमच्या एका कडेला, वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे, राखून ठेवलेली जागा. जत्रेच्या फेरीत खाजेवाल्याची जागा ठरलेली असते ना, आजूबाजूला किती का गर्दी होईना तो तिथेच सापडतो, तसं. तुझ्या मधल्या फाईली दोन असोत की चार, त्यांना कुणी हात लावत नाही, खालची पट्टी तेवढी येते आणि जाते. एकाच बाजूला दोन-तीन बसवायचे असतील तर स्लॉट नावाची अट आहे, उणे एक डावीकडे, शून्य मध्ये, एक उजवीकडे. मी हेल्पला शून्य आणि एलडॉकला एक दिलाय, दोन्ही एका पट्टीत शेजारी दिसतात.

साइड विंडोचा आणखी एक फायदा जो लोकांना उशिरा कळतो. ती विंडो त्या बफरला बांधलेली असते, म्हणून हेल्पमधल्या दुव्यावर एंटर मारून एखाद्या फंक्शनचा सोर्स उघडलास तर तो त्या चिंचोळ्या पट्टीत न उघडता वरच्या मोठ्या विंडोत उघडतो. हवं तेच.

पण याच गुणामुळे तिच्या काही मर्यादा आहेत आणि त्या माहीत नसल्या तर माणूस वैतागतो. साइड विंडो दुभंगता येत नाही, कंट्रोल-एक्स ३ मारलंस की एरर. तिलाच पूर्ण फ्रेमभर मोठी करता येत नाही, कंट्रोल-एक्स १ ला पण नकार. म्हणून ज्या बफरात तू तासभर बसणार आहेस, त्याला साइड विंडो देऊ नको.

उंचीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे मराठीवाल्यांची वेगळी अडचण आहे आणि ती इंग्रजी उत्तरांत सापडत नाही. विंडो-हाईट ही अट तीन तऱ्हांनी देता येते. अपूर्णांक दिलास, समजा ०.२५, तर फ्रेमच्या पाव भाग. पूर्णांक दिलास तर तेवढ्या ओळी. फंक्शन दिलंस, साधारणतः फिट-विंडो-टू-बफर, तर मजकुराइतकी. आता ओळींचा आकडा इमॅक्स तुझ्या मूळ फाँटच्या ओळीच्या उंचीने मोजतो, आणि मूळ फाँट बहुतेक वेळा रोमन असतो. देवनागरी ओळ वरच्या वेलांट्या, रफार आणि खालच्या उकारांमुळे उंच होते, त्यामुळे तू १० ओळींची विंडो मागितलीस आणि बफरात मराठी असलं तर सात-आठच ओळी दिसतील आणि तुला वाटेल सेटिंग लागलीच नाही. संहितेत एखादा संवाद शोधायला मी ऑकर, म्हणजे जुळणाऱ्या ओळींची यादी देणारी कमांड, चालवतो, त्याच्या निकालांत सगळं देवनागरी, तिथे आकडा देऊन भागत नाही. फिट-विंडो-टू-बफर प्रत्यक्ष पिक्सेल मोजतं म्हणून ते बरोबर बसतं. फक्त त्याला नुसतं मोकळं सोडू नको, लांब हेल्प आली तर पट्टी फार वर चढते. एका ओळीचं छोटं फंक्शन लिहून त्यात जास्तीत जास्त २० आणि कमीत कमी ८ अशी मर्यादा दे, हे दोन्ही आकडे त्याच फंक्शनला पुढे देता येतात. हे आकडे माझ्या स्क्रीनचे, तुझ्या लॅपटॉपवर १५ आणि ६ बरे पडतील कदाचित, बघ लावून.

दुसरा ढीग, नजर ठेवायचे. कंपायलेशन, ग्रेप, असिंक शेल कमांडचं आउटपुट, लाटेक चालत असतानाचं आउटपुट. यांना पण मी खालीच बसवतो, पण कर्सर तिकडे अजिबात नेत नाही. तू म्हणालास की एरर बघायला त्या विंडोत जावं लागतं आणि परत येताना वाट चुकते. जायची गरजच नाही, कंट्रोल-एक्स आणि उलटं अवतरणचिन्ह, किंवा ऑल्ट-जी एन, म्हणजे नेक्स्ट-एरर, ते तुझ्या फाईलमध्ये उभं राहूनच पुढच्या एररच्या ओळीवर नेतं आणि खालची यादी आपोआप सरकते. ग्रेपला आणि ऑकरला पण हेच चालतं. ज्याला ही एक की सवयीची झाली त्याचे पॉप-अपचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

कंपाईल नीट झालं तर विंडो आपोआप बंद व्हावी असं पण तू विचारलंयस. होतं, कंपायलेशन-फिनिश-फंक्शन्स या हुकमध्ये, म्हणजे कंपाईल संपलं की आपोआप चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीत, एक फंक्शन घाल, त्याला बफर आणि शेवटचा निरोप असे दोन्ही मिळतात, निरोप फिनिश्ड ने सुरू होत असेल तर विंडो बंद कर. मात्र ग्रेप हा कंपायलेशन मोडचाच वंशज आहे, तो पण हाच हुक चालवतो, आणि शोध यशस्वी झाला की त्याचा निरोप पण फिनिश्डच असतो. म्हणजे तू ग्रेप केलंस, निकाल आले, आणि डोळ्यांदेखत गायब झाले. म्हणून त्या फंक्शनमध्ये आधी तपास की बफरचा मेजर मोड (बफर कुठल्या प्रकारचा ते ठरवणारा) नेमका कंपायलेशन-मोडच आहे, वंशज नाही. आणि तुझ्या सी च्या असाइनमेंटला वॉर्निंग येत असतील तर कंपाईल यशस्वी झालं तरी त्या वाचायच्या असतात, तेव्हा लगेच बंद न करता निरोपासोबत वॉर्निंगही तपासावी. मी स्वतः लाटेकसाठी आपोआप बंद करत नाही, ओळ बाहेर गेल्याच्या सूचना मला वाचायच्या असतात, छापून आल्यावर समासाबाहेर गेलेलं नाव देवस्थान समितीला दाखवणं फार जिवावर येतं.

तिसरा ढीग, आत बसून काम करायचे. शेल, पायथनचा इंटरॅक्टिव्ह बफर, टर्मिनल. यांना डिस्प्ले-बफर-अॅट-बॉटम दे, साइड विंडो नको. दिसतं तसंच खाली, पण ती साधी विंडो असते, मोठी करता येते, दुभंगता येते, कंट्रोल-एक्स १ चालतं. आणि इथे कर्सर जायलाच हवा.

मॅगिटला, म्हणजे गिट चालवायच्या पॅकेजला, मी या यादीत घालत नाही. मॅगिट हे स्वतःच एक घर आहे, त्याचं स्वतःचं मॅगिट-डिस्प्ले-बफर-फंक्शन नावाचं व्हेरिएबल आहे आणि त्यात आधीच तयार पर्याय आहेत, डिफ सोडून बाकी सगळं त्याच विंडोत दाखवणारा मला आवडतो. नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवणाऱ्या ऑर्गचं पण तसंच, अजेंडा आणि सोर्स ब्लॉक कुठे उघडायचे त्यासाठी ऑर्ग-अजेंडा-विंडो-सेटअप आणि ऑर्ग-एसआरसी-विंडो-सेटअप, दोन्हींची मूळ किंमत अशी आहे की ते तुझी सगळी मांडणी हलवतात. फाईलींतला फरक दाखवणाऱ्या एडिफचं कंट्रोल पॅनल वेगळ्या फ्रेममध्ये पळतं, त्याला एडिफ-विंडो-सेटअप-फंक्शन मध्ये प्लेनवाला पर्याय दिला की ते आत राहतं. या तिघांशी डिस्प्ले-बफर-एलिस्टमधून भांडत बसू नको, त्यांचं दार वेगळं आहे.

चौथा ढीग, बघायचेच नाहीत असे. तुझे ते वॉर्निंगचे पॉप-अप, मला पक्कं वाटतं की नेटिव्ह कंपायलेशनचे असणार, २८ व्या आवृत्तीपासून इमॅक्स पॅकेजं मागच्या मागे मशीन कोडमध्ये बदलतो आणि त्यात दुसऱ्यांच्या पॅकेजांतल्या बारीकसारीक तक्रारी तुझ्यासमोर येतात. नेटिव्ह-कॉम्प-असिंक-रिपोर्ट-वॉर्निंग्ज-एरर्स या व्हेरिएबलला सायलेंट दे. निल नको. सायलेंट दिलं तर नोंद वॉर्निंग बफरात राहते, फक्त विंडो उघडत नाही, कधी काही बिघडलं तर जाऊन वाचता येतं. असिंक शेल कमांडसाठी पण तसंच, असिंक-शेल-कमांड-डिस्प्ले-बफर ला निल दिलं की काही आउटपुट आलं तरच बफर दिसतो. सगळ्या वॉर्निंग सरसकट दाबून टाकणारी सेटिंग नेटवर बरीच सापडेल, ती घेऊ नको. ज्या दिवशी खरी वॉर्निंग येईल त्या दिवशी ती तुला दिसायला हवी.

नियम कुठल्या बफरला लागू हे सांगायचे दोन मार्ग. एक, नावाचा रेगेक्स, म्हणजे नाव जुळवायचा साचा. नावात तारे (*) असतात आणि रेगेक्समध्ये ताऱ्याला वेगळा अर्थ आहे, म्हणून प्रत्येक ताऱ्याच्या आधी दोन बॅकस्लॅश. दोन, मेजर मोड, २९ पासून डिराइव्हड-मोड असं लिहून त्या मोडचे सगळे वंशज एका फटक्यात पकडता येतात, आणि हेल्पफुलसारखं पॅकेज घातलंस जे दर फंक्शनला वेगळ्या नावाचा बफर करतं, तिथे मोडच बरा. पण मोडचा नियम एका ठिकाणी फसतो. इमॅक्स नियम तपासतो तो बफर दाखवण्याच्या क्षणी, आणि काही कमांड आधी बफर दाखवतात आणि मग मोड लावतात. शेल ही कमांड नेमकी तशी आहे, कारण शेलला विंडोची रुंदी आधी कळावी लागते. त्यामुळे शेल-मोडवर लिहिलेला नियम पहिल्यांदा लागत नाही आणि दुसऱ्यांदा लागतो, आणि माणूस डोकं धरून बसतो. शेलला नावानेच पकड. आणि यादीत खास नियम वर, मोघम नियम खाली.

कर्सरचा प्रश्न. यात बरंच त्या कमांडवर अवलंबून असतं, काही कमांड नुसतं दाखवतात, काही दाखवून कर्सरही नेतात. हेल्पसाठी वेगळं व्हेरिएबल आहे, हेल्प-विंडो-सिलेक्ट, ते टी (म्हणजे हो, चालू) कर. मी करतो, कारण हेल्प वाचून झाली की क्यू दाबून ती गेली पाहिजे आणि त्यासाठी कर्सर आत असावा लागतो, नाहीतर आधी कंट्रोल-एक्स ओ, मग क्यू, असं दिवसभर. बाकी कुठल्या बफरात कर्सर न्यायचा असेल तर नियमाच्या अटींत बॉडी-फंक्शन म्हणून सिलेक्ट-विंडो देता येतं. नजर ठेवायच्या ढिगाला हे देऊ नको म्हणजे झालं.

आता जाण्याबद्दल. तू लिहिलंयस की पॉप-अप घालवायला तू कंट्रोल-एक्स १ मारतोस. ते करू नको, तुझी दोन फाईलींची मांडणी त्यातच मोडते आणि मग परत लावत बसावं लागतं. क्यू दाब. क्विट-विंडो ही फार शहाणी कमांड आहे, ती विंडो त्या बफरसाठी नवीन उघडली होती की जुनीच वापरली होती हे इमॅक्स लिहून ठेवतो, नवीन असेल तर विंडो काढतो, जुनी असेल तर तिथे आधी जे होतं ते परत आणतो. म्हणजे तुझी झाकली गेलेली फाईल क्यू ने परत आली असती. क्यू च्या आधी कंट्रोल-यू मारलंस तर बफर पण मारला जातो. आणि विनर-मोड आजच चालू कर, तो इमॅक्सबरोबरच येतो, मांडणी मोडली की कंट्रोल-सी आणि डावा बाण, मागची मांडणी हजर. पावसात वीज जाऊन मॉनिटर बंद झाला आणि लॅपटॉपच्या लहान स्क्रीनवर सगळं चेपलं गेलं की माझा हात आधी तिथेच जातो.

३० वी आवृत्ती असेल तर आणखी एक सोपी गोष्ट, कंट्रोल-एक्स डब्ल्यू डी, कर्सर असलेली विंडो तिच्या बफरला बांधली जाते आणि कुठलाही पॉप-अप तिथे येऊन बसू शकत नाही. प्रॅक्टिकलच्या वेळी प्रश्नाची फाईल एका बाजूला ठेवायची असते तेव्हा छान.

आता पॅकेज. शॅकल आणि पॉपविन ही दोन्ही मुख्यतः जागेच्या प्रश्नाची उत्तरं आहेत, आणि तो प्रश्न आता इमॅक्सच्याच सोयीने सुटतोय, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ती सुचवत नाही. शॅकलचे नियम लिहायला आटोपशीर आहेत हे मान्य, ज्याचं आधीपासून चालतंय त्याने बदलायचं कारण नाही. पॉपर वेगळं आहे. ते मुळात जागेसाठी नाहीच, ते काही बफरांवर पॉप-अप असा शिक्का मारतं आणि मग एका कीने शेवटचा पॉप-अप दाखव-लपव, दुसऱ्या कीने एकामागून एक फिरव, असं देतं. तुझा दुसरा प्रश्न, एकाच कीने घालवणं, त्याला हे नेमकं उत्तर आहे. पॉपर-रेफरन्स-बफर्स मध्ये नावं किंवा मोड भर, पॉपर-टॉगल ला सोपी की दे, आणि पॉपर-डिस्प्ले-कंट्रोल ला निल दे, नाहीतर ते स्वतःच जागा ठरवायला लागतं आणि तू लिहिलेले नियम बाजूला पडतात. पॉपर-टॉगल-टाइप ही कमांड पण शिकून घे, एखादा पॉप-अप मोठ्या विंडोत घेऊन नीट वाचायचा असेल तर ती त्याला साधा बफर करते, आणि परत पॉप-अप पण करते. दोन प्रोजेक्ट एकदम उघडे ठेवत असशील तर पॉपर-ग्रुप-बाय-प्रोजेक्ट चालू कर, म्हणजे एकाचं कंपाईल आउटपुट दुसऱ्यात फिरत नाही.

पॅकेज नकोच असेल तर विंडो-टॉगल-साइड-विंडोज ही कमांड इमॅक्समध्येच आहे, ती सगळ्या साइड विंडो एकदम लपवते आणि परत मारली की होत्या तशा आणते. तिला एक की दे. हेल्प, एलडॉक, कंपायलेशन तिघंही साइड विंडोत असतील तर पॉपरचं बरंचसं काम यातच होतं, फक्त शेलसारखे साध्या विंडोतले बफर तिच्या हाताखाली येत नाहीत.

तुझ्या जागी असतो तर क्रम असा ठेवला असता: आज विनर-मोड, हेल्प-विंडो-सिलेक्ट आणि नेटिव्ह वॉर्निंग सायलेंट, या तीन ओळी. मग कागदावरची यादी. त्यातून पहिला नियम हेल्पचा, तो दोन्ही स्क्रीनवर नीट चालतोय असं दिसल्यावर कंपायलेशनचा, मग शेलचा. पॉपर सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा खरंच गरज वाटली तर.

एखादा बफर तरीही ऐकत नसेल तर आधी इमॅक्स मायनस कॅपिटल क्यू ने रिकामा सुरू कर, त्यात फक्त तो एकच नियम चालवून बघ. चालला तर तुझ्या सेटिंगमधलं दुसरं काहीतरी मध्ये येतंय, पॅकेजं एकेक करून परत घालत जा, सापडेल. नाही चालला तर ती कमांड बहुतेक स्विच-टू-बफर वापरत असेल, जी मूळ सेटिंगमध्ये हे नियम बघतच नाही. त्यासाठी स्विच-टू-बफर-ओबे-डिस्प्ले-अॅक्शन्स हे टी करता येतं, २७ पासून आहे, पण त्याचा परिणाम सगळीकडे होतो, तेव्हा ते करून झाल्यावर दोन दिवस लक्ष ठेव. त्यानेही नाही झालं तर बफरचं नेमकं नाव, कंट्रोल-एच एम मध्ये दिसणारा मेजर मोड, कुठल्या कमांडने उघडला आणि इमॅक्सची आवृत्ती एवढं इथे लिही, आणि तो नियम जसा लिहिलायस तसाच्या तसा टाक, बॅकस्लॅशसकट. बघून सांगतो.